कॉलनीचं बूथ

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये आमच्या पक्षानं मतांसाठी अकरा नाले, एक नदी आणि अर्धं जंगल ओलांडलं, आणि अडला तो एका लोखंडी गेटपाशी. गेट सिमेंट कंपनीच्या कॉलनीचं होतं. गडचांदूरच्या पुढं, आमच्या गावाला लागून कारखाना आला, त्याच्या मागोमाग साहेबांची आणि कामगारांची क्वार्टरं आली, क्वार्टरांभोवती काटेरी तार आली, तारेला गेट आलं आणि गेटवर नथ्थू आला.

नथ्थू आमच्याच गावचा. कॉलनीचं क्लबघर उभं आहे तिथं त्याचं तुरीचं वावर होतं. त्या बदल्यात त्याला थोडे पैसे, खाकी टोपी आणि त्याच वावरात कोणाला जाऊ न देण्याची नोकरी मिळाली होती. नोकरी तो मन लावून करायचा.

गेटवर पाटी होती : 'खाजगी मालमत्ता. फेरीवाले, विमा एजंट, मोकाट जनावरे व राजकीय प्रचारक यांना प्रवेश नाही.' आमचा नंबर जनावरांच्या खाली होता. आत चारशे अडतीस मतं होती.

आम्ही पाच जण झेंडे घेऊन गेलो. पुढं मनसारामभाऊ, आमचे तालुका अध्यक्ष. त्यांच्याकडं एक जीप होती आणि तालुक्यातल्या प्रत्येक घराची सोयरीक तोंडपाठ होती. मागं मी, घनश्याम, बी.कॉम., पक्षाचा गावचा प्रमुख. माझं टायपिंगचं इन्स्टिट्यूट आहे, मशिनी चार, चालू तीन. पक्षात माझी जी किंमत होती ती या तीन मशिनींची होती.

"कोणाकडं जाचं भाऊ?" नथ्थूनं विचारलं.

"सगळ्यायकडं," मनसारामभाऊ म्हणाले.

"सगळे असा क्वार्टर नाई." त्यानं रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, क्वार्टर नंबर, वेळ आणि शेवटच्या रकान्यात 'नाते'. "इथी नातं लिवा लागते. मंग मी फोन लावतो. क्वार्टरवाले सोड म्हणले तं सोडतो."

"लिव, मतदार."

"ते नातं पाच वर्सातून एक डाव येते भाऊ. कंपनी नाई मानत त्याले."

मग आम्ही तारेच्या बाहेरून, रस्त्यावर जीप लावून भोंग्यावर प्रचार केला. आमचं चिन्ह छत्री. मनसारामभाऊंनी ऊन, पाऊस आणि गरिबी या तिन्हींपासून छत्री कशी वाचवते ते सांगितलं. आतल्या बायकांनी एकेक करून खिडक्या लावल्या. एकीनं वाळत घातलेले कपडेसुद्धा काढून नेले.

संध्याकाळी माझ्या घरी बैठक बसली. मधोमध सतरंजीवर कॉलनीची मतदारयादी होती. मनसारामभाऊ नावं वाचत होते आणि प्रत्येक नावाला त्यांचा चेहरा उतरत होता. मिश्रा, रेड्डी, चौबे, नायर. एकाचीही सोयरीक तालुक्यात नाही. जात माहीत नसलेल्या माणसाकडं मत कसं मागायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"आपला कोणी हाये का नाई यात?" ते म्हणाले.

माझी बायको कांता दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "क्वार्टर एकशे बारा पाहा ना. श्रीहरी म्हून हाये. आमच्या नदीपल्याडचा."

"तुमी ओळखता वहिनी?"

"सुपारी फुटली होती मायी त्याच्यासंगं," कांता म्हणाली आणि एक खडा काढून अंगणात टाकला.

बैठकीत पाच माणसं होती. चार जणांनी माझ्याकडं पाहिलं. मी यादीकडं पाहिलं. ती यादी मीच टाइप केली होती. 'श्रीहरी' ही अक्षरं माझ्याच बोटांनी उमटली होती आणि बोटांना काहीही कळलं नव्हतं.

सगळ्यांत आधी सावरले ते मनसारामभाऊ. "वा," ते म्हणाले. "म्हणजे आपलं नातं हाये."

सुपारीची गोष्ट मला माहीत होती, फक्त तिच्यातल्या माणसाला नाव नव्हतं. कांताचं माहेर ब्रह्मपुरीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठावर. चौदा वर्षांपूर्वी नदीच्या पलीकडच्या गावातलं एक स्थळ आलं, पसंती झाली, सुपारी फुटली. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी नदी भरलेली आणि नावाडी दारू पिऊन पडलेला. मुलाकडची मंडळी नवे कपडे घालून दिवसभर पलीकडच्या काठावर बसली आणि संध्याकाळी घरी गेली. कांताच्या वडिलांना तो अपमान वाटला. ज्याला नदी ओलांडता येत नाही त्याला पोरगी कशी द्यायची, असं म्हणून त्यांनी स्थळ मोडलं. पंधरा दिवसांनी मी गेलो. मी एस.टी.नं, चंद्रपूर-मूल-सिंदेवाही करत गेलो. माझ्या वाटेवर पूल होते. माझ्या लग्नाचं सगळं श्रेय सार्वजनिक बांधकाम खात्याला आहे.

लग्नानंतर थट्टेत मी कांताला विचारायचो, तो नावाडी शुद्धीवर असता तर? पहिल्या वर्षी ती हसायची. पुढं पुढं मी थट्टा करणं सोडलं. विचारणं मात्र सोडलं नाही.

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "तुले कसं कळलं तो इथी हाये म्हून?"

"यादीत वाचलं."

"कवा?"

"परवा. तुमी उशाशी ठेवून झोपले होते."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं काऊन नाई?" तिनं सूप आपटलं. "अन् नक्की तोच का दुसरा, मले काय माहीत? बापाचं नाव जुळलं म्हून म्हणलं."

म्हणजे बापाचं नावही लक्षात होतं. माझ्या वडिलांचं नाव रेशनकार्डावर लिहिताना तिनं एकदा चुकवलं होतं.

मनसारामभाऊंनी रात्रीतून माहिती काढली. श्रीहरी दोन वर्षांपासून इथं होता. सिमेंट मिलवर फोरमन. कॉलनीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष, कामगार सोसायटीचा सेक्रेटरी. मिश्रा त्याला विचारून भाजी आणतो आणि रेड्डी त्याला विचारून गावी जातो. "त्यानं म्हणलं छत्री, तं चारशे छत्र्या," मनसारामभाऊ म्हणाले. "वहिनीले पाठवा. एकटी नको, तुमीबी जा. सीट या चारशावर येऊन राह्यली. अन् हे बूथ आलं तं तालुक्याचा सरचिटणीस तुमी, हा मायावाला शब्द."

मी कांताला सांगितलं. ती नाही म्हणेल, अशी मला आशा होती.

"जाऊ," ती म्हणाली. "काय बिघडते?"

शनिवारी सकाळी मी शर्टाला इस्त्री केली. कांतानं रोजचंच लुगडं नेसलं. ती नटली असती तर मला वाईट वाटलं असतं. ती नटली नाही, त्याचंही वाटलं. ज्याच्यापुढं नटायची गरज वाटत नाही तो माणूस किती जवळचा असेल. मग तिनं फळीवरचा डबा काढला आणि लाखोळीची वाळवलेली भाजी पिशवीत भरली. ही भाजी तिच्या माहेराहून यायची. आमच्या भागात मिळत नाही. मला ती वर्षातून दोनदा मिळायची, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मी आजारी पडलो तर.

"एवढी?" मी म्हणालो.

"नदीपल्याडची माणसं जी ते. त्यायले कोण देते इथी? खाली हातानं जावं का कोणाच्या घरी?"

गेटवर नथ्थूनं रजिस्टर उघडलं. "नातं काय लिवू वहिनी?"

"माहेरचे लिव."

त्यानं 'माहेरचे' लिहिलं आणि फोन लावला. फोरमन लोकांच्या घरी कंपनीचा आतला फोन होता. नथ्थू इकडून बोलत होता आणि पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, ही त्या यंत्राची रचना मला पहिल्यांदाच गैरसोयीची वाटली.

"हाव साहेब, कांताबाई म्हणून. हाव, ब्रह्मपुरीकडच्या... एकट्या नाई, मिस्टर हायेत सोबत... हाव, छत्रीवालेच... बरं साहेब." त्यानं फोन ठेवला. "बाईले सोड म्हणते. तुमाले नाई जमत भाऊ."

"काऊन?"

"साहेब म्हणे, भेटाले आले असते तं आत घेतलं असतं. प्रचारवाल्याले घेतलं, तं उद्या दुसऱ्या पार्टीवालेबी उभे राहतीन. रूल हाये."

"अन् हे? हेबी प्रचारालेच चालली!"

"त्यायचं नातं हाये ना," नथ्थू रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाला. "माहेरचे."

"मी येतो पटकन," कांता म्हणाली, आणि पिशवी घेऊन आत गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशोकाची झाडं होती, प्रत्येकाला चुन्याचा पट्टा. पाचव्या झाडाशी ती वळली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नथ्थूनं मला स्टूल दिलं. ते गेटच्या बाहेर ठेवून दिलं.

"एकशे बारा इथून दिसते का रे?"

"नाई. पाण्याच्या टाकीमागं येते."

"अन् टाकीवर चढलं तं?"

"टाकीवर चढाले चीफ इंजिनिअरची सही लागते."

साडेदहा झाले. "सी टाइप ना ते? खोल्या किती असतात सी टाइपले?"

"तीन. अन् मांगं अंगण. नळ घरातच. लॅट्रिन घरातच. पंखे तीन." नथ्थू अभिमानानं सांगत होता, जणू ते त्याच्याच वावरात पिकलं होतं. "काऊन जी?"

"मतदारांच्या अडचणी माहीत पायजे."

"त्यायले काय अडचण?"

मी घड्याळाला चावी दिली. मग सहज विचारल्यासारखं केलं. "फोरमन तं ड्यूटीवर असन ना या टायमाले?"

नथ्थूनं भिंतीवरचा कागद पाहिला. "नाई. आज ऑफ हाये त्याचा."

"दर शनवारी असते?"

"नाई नाई. फिरता असते. या हप्त्यात शनवार आला."

आठवड्यात सात दिवस असतात. मनसारामभाऊंनी शनिवार काढला होता आणि कंपनीनंही शनिवारच काढला होता.

अकराच्या सुमारास एक बकरी आली आणि गेटखालून आत गेली. नथ्थूनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिच्यामागून डोक्यावर टोपली घेऊन बायनाबाई आली. ती तळ्यातली मासोळी विकते. तिला रजिस्टर नव्हतं, आणि नातं कोणी विचारत नव्हतं. ती मला पाहून थांबली.

"घनश्यामभाऊ? इथी काऊन बसले जी उन्हात?"

"वाट पाहून राह्यलो."

"कोणाची?"

"बायकोची. आत गेली हाये."

"ते आत अन् तुमी बाहेर?" बायनाबाईनं टोपली सावरली. "बरं नाई दिसत भाऊ," म्हणाली आणि आत गेली.

अर्ध्या तासानं ती रिकामी टोपली घेऊन परत आली. "पाह्यली बापा तुमची बायको. एकशे बाराच्या अंगणात बसली हाये. हासून राह्यली."

"कोण हासून राह्यलं?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे किती?"

"आता मासोळी इकू का माणसं मोजू?" ती गेली.

कांता घरी हसत नाही असं नाही. पण घरी ती हसते तेव्हा मी समोर असतो आणि बऱ्याचदा कारणही मीच असतो. माझ्याशिवाय, माझ्यावर नाही अशी ती कशावर हसत असेल, याचा मी बारा वाजेपर्यंत विचार केला. नदी, भरलेली. नावाडी, पडलेला. काठावर दिवसभर नव्या कपड्यात बसलेला एक तरुण. त्यावर हसायला चौदा वर्षं पुरतात. मी त्याच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. मी त्याच्या जागी असतो तर आत असतो.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी कांता आली. पिशवी भरलेलीच होती. आता तिच्यात टमाटे होते.

"त्यायच्या अंगणातले," ती म्हणाली. "ताराबाईनं देल्ले. त्याची बायको. चांगली हाये बिचारी."

गावापर्यंत दीड मैल. मी सायकल हातात धरून चाललो होतो.

"काय झालं?"

"चहा झाला. मंग पोहे झाले."

"मताचं?"

"झालं बोलणं."

"काय म्हणे?"

"बरं म्हणे."

मताचं काम असं एका वाक्यात संपलं. आता पक्षाच्या कामातून मी मोकळा होतो. "टक्कल पडलं का त्याले?"

"पडलं थोडकं."

नाल्यापर्यंत माझं चालणं हलकं झालं.

"पण शोभते," नाल्यावर कांता म्हणाली.

त्या संध्याकाळी टमाट्याची चटणी झाली. मी खाल्ली नाही. छान झाली होती, असं मुलीनं सांगितलं.

मनसारामभाऊंनी त्याच दिवशी कॉलनीचं बूथ आमच्या नावावर लावून टाकलं आणि जीप दुसऱ्या गावांकडं वळवली. लोक मला 'सरचिटणीस' म्हणू लागले. मी मात्र एका विचित्र जागी येऊन पोहोचलो होतो. चारशे मतं पडली तर त्याचा अर्थ एवढाच, की चौदा वर्षांनंतरही तो माणूस माझ्या बायकोच्या एका शब्दावर आख्खी कॉलनी उभी करतो. प्रत्येक मत हे त्याचं एक पुरावापत्र. आणि पडली नाहीत तर तो विसरला, संपलं, मी सुखानं झोपायला मोकळा. आमच्या पक्षाला मतं कमी पडावीत म्हणून विरोधी पक्ष झटत होताच. पक्षाच्या आतून तेच मनापासून मागणारा बहुधा मी एकटा होतो. निदान त्या कारणासाठी.

मतदान गेटबाहेर जिल्हा परिषदेच्या शाळेत होतं. आमच्या टेबलावर मी चिठ्ठ्या देत होतो. अकराच्या सुमारास कॉलनीचे लोक रांगेनं आले. एक जण टेबलापुढं थांबला. डोकं समोरून थोडं मोकळं. पांढरा बुशशर्ट. शोभत होतं, हे खरं.

"एकशे बारा," तो म्हणाला.

मी चिठ्ठी शोधली. सापडायला वेळ लागला, कारण ती सगळ्यांत वर होती.

"कांताबाईचे मिस्टर ना तुमी?"

या गावात पंधरा वर्षं मी घनश्यामभाऊ होतो. "हाव," मी म्हणालो.

"त्या दिवशी तुमाले बाहेर राहा लागलं. वाईट वाटलं मले. पण नियम मीच मोडला तं दुसऱ्याले काय सांगू? आता इलेक्शन झालं का या घरी."

"येतो."

मागून त्याची बायको म्हणाली, "वहिनीलेबी आना. भाजी मस्त होती."

ते दोघं रांगेत लागले. तो 'कांताबाई' म्हणाला. बाई लावलं, हे मला आवडलं. दुपारी जेवताना मनात आलं, की लावायची काळजी का घ्यावी लागली?

मोजणी तहसीलच्या गोदामात झाली. मी मोजणीचा प्रतिनिधी, शर्टाला बिल्ला. सकाळभर आम्ही आणि ते कधी पन्नासनं पुढं, कधी सत्तरनं मागं असे चाललो होतो. मनसारामभाऊ जाळीपलीकडं उभे राहून दर वेळी मला बोटांनी खूण करायचे : कॉलनी यायची आहे. मीही मान हलवायचो. कॉलनी सत्तेचाळीस नंबरचं बूथ. तीन वाजता त्याची पेटी टेबलावर उलटली.

कागदांच्या चळती वाढत होत्या. मी फक्त आमच्या चळतीकडं पाहत होतो. ती वाढत नव्हती. शेजारची, विरोधकांची, बरी वाढली. एका अपक्षाचं चिन्ह सायकल होतं, त्याचीही वाढली. कामगारांना सायकल जवळची वाटली असावी. आमची तशीच बसून राहिली. कारकुनानं मोजली, पुन्हा मोजली आणि मोठ्यानं सांगितलं :

"छत्री, एकोणीस."

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. चेहऱ्यावर दुःख आणायला मला मनसारामभाऊंकडं पाहावं लागलं. त्यांना पाहिल्यावर ते आपोआप आलं. साहेब, म्हणजे आमचे उमेदवार, शेवटी दोनशे सहा मतांनी पडले. मनसारामभाऊ जीपच्या पायरीवर बसले. "एकोणीस?" ते म्हणाले. "घनश्याम, एकोणीस तं आपल्याले न मांगता पडले असते."

"हाव भाऊ. धोका झाला."

"कोण म्हणे मंग माहेरचे?"

"आता कायचे माहेरचे," मी म्हणालो. एवढ्या दिवसांत इतकं मनापासूनचं वाक्य मी बोललो नव्हतो. येताना स्टँडवर पावशेर जिलेबी घेतली. पराभवाच्या दिवशी जिलेबी घेताना कोणी पाहू नये म्हणून ती वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळली.

कांता मागच्या अंगणात गोवऱ्या उलटवत होती.

"पडले साहेब," मी सांगितलं.

"अगं माय. कितीनं?"

"दोनशे सहा." मी जिलेबी ओट्यावर ठेवली. "अन् कॉलनीत एकोणीस. तुया श्रीहरीनं एकोणीस देल्ले, चारशे अडतीसपैकी."

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. तिथं वाईट वाटल्याचं काही दिसलं असतं, तर मी समजूतही घातली असती. मी मोठ्या मनानं घातली असती.

"हो ना," ती म्हणाली. "मीच म्हणलं होतं त्याले."

"काय म्हणलं होतं?"

कांतानं हात झटकले. "तो म्हणे, तुमी सांगान त्या चिन्हावर कॉलनी पालथी करतो. गणपतीले वर्गणी मांगतो तसे मत मांगतो घरोघरी. मी म्हणलं, नको. मायासाठी कोणाले काई सांगू नका. ज्याले जे पटन ते करू द्या."

मी ओट्यावर बसलो. जिलेबीच्या शेजारी.

"काऊन?" मी विचारलं. "सीट त्याच्यावर होती कांता! मनसारामभाऊनं सांगितलं होतं का नाई?"

"सांगितलं होतं. अन् त्याच्या चारशावर साहेब निवडून आले असते, मंग? मंग मी जलमभर ऐकत बसली असती. भाजीत मीठ कमी झालं, का तुमी म्हणान, जाय तुया श्रीहरीकडं, त्यानं तुयासाठी चारशे देल्ले. एक नावाडी ऐकून राह्यली चौदा वर्सापासून. त्याच्यावर आणखी चारशे कोण ऐकन जी? मले नाई पायजे त्याचे उपकार. तुमालेबी नाई पायजे."

तिनं पुन्हा गोवऱ्या उलटवायला घेतल्या. तिच्या मते विषय संपला होता.

आता मी बी.कॉम. आहे, मला समजलं नाही असं नाही. ती दोन तास पंधरा मिनिटं आत बसली आणि तिथं बसून तिनं माझी बाजू राखली. साहेबांची आमदारकी एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं तिनं तोललं, आणि मी जड भरलो. हे सगळं मला तिथंच, ओट्यावर, एका क्षणात समजलं. दुसऱ्या क्षणी जे समजलं ते पहिल्यावर जाऊन बसलं.

"मंग तो काय म्हणे?"

"कवा?"

"तू नको म्हणली तवा."

"बरं म्हणे."

"लगेच?"

"लगेच."

"काऊन म्हून नाई विचारलं?"

"नाई. बरं म्हणे अन् पोहे पुढं केले."

एवढा मोठा फोरमन, मंडळाचा अध्यक्ष, मिश्रा-रेड्डींचा मालक. चारशे मतं हातात घेऊन बसलेला. ती एका शब्दात खाली ठेवली. कारण विचारलं नाही, तोंड वाकडं केलं नाही, मी तर तुमच्याच भल्यासाठी असं म्हणाला नाही. त्याच्यापेक्षा त्यानं चारशे मतं दिली असती तर बरं होतं. मतं कोणीही देतं. मी चौदा वर्षांत या घरात एकदाही पहिल्या शब्दाला बरं म्हणालो नव्हतो. मी सुशिक्षित आहे, मला आधी चर्चा लागते.

आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. आमचे साहेब माझ्या बायकोच्या एका 'नको'नं पडले, हे मनसारामभाऊंना सांगितलं असतं, तर ते जीप घेऊन घरी आले असते. पक्षानं पराभवाची कारणं मागवली. ती टाइप करायला माझ्याकडंच आली. 'कार्यकर्त्यांची निष्क्रियता' असं मी तीन प्रतींत टाइप केलं आणि खाली सही केली.

सरचिटणीसपद दुसऱ्या गावाला गेलं. श्रीहरीचं 'या घरी' तसंच राहिलं. कांतानं दोनदा आठवण केली आणि मी दोनदा मशीन दुरुस्तीचं निमित्त काढलं.

एप्रिलच्या एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. कांता आतून म्हणाली, "आवो, लाकडं फोडून देता का जी थोडे? पावसाच्या आधी आत भरा लागते."

एरवी मी विचारलं असतं, आत्ताच का? पाऊस जूनमध्ये येतो. आहेत ती संपली का? आणि नथ्थूच्या भावाला का सांगत नाहीस, तो दोन रुपयांत फोडतो.

"बरं," मी म्हणालो.

वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, कुऱ्हाड काढली आणि मागच्या अंगणात गेलो. पहिला ओंडका सागाचा होता आणि त्यात गाठ होती. दहा मिनिटांत हाताला फोड आला. कांता दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो मला द्यायचं विसरून ती बघत राहिली.

"काय झालं जी तुमाले?" ती म्हणाली. "बरं-बिरं नाई का?"

"काई नाई," मी म्हणालो. "तू म्हणली ना."

"मी तं रोजच म्हणतो."

मी कुऱ्हाड उचलली. ती माझ्या हाताकडं पाहून म्हणाली, "राहू द्या मंग. फोड आला."

इथं मी अडकलो. राहू दे म्हटल्यावर लगेच बरं म्हणायचं, की आधीचं बरं पुरं करायचं, हे काही मला ठरवता येईना. कॉलनीत अशी वेळ आली असती तर तिथं काय केलं गेलं असतं, ते विचारायला माणूस दीड मैलावर होता, पण गेटवर नातं लिहावं लागलं असतं.

"बरं," मी म्हणालो, आणि पुढचा ओंडका घेतला.